सुट्टीतील दया आणि मुलाचे घर



डिसेंबर उजाडला की कंबोडियातील सिएम रीप हे शहर पाहुण्यांनी गजबजून जाते. अंगकोर वाटची प्राचीन मंदिरे तेथून जवळच आहेत. पावसाळा संपलेला असतो आणि पाश्चात्य देशांत नाताळची सुट्टी लागलेली असते. या पाहुण्यांपैकी अनेकांच्या कार्यक्रमात मंदिरांबरोबर अनाथाश्रमाची भेटही असते, असा प्रघात तेथे पडला. कोणी एक दुपार देतो, कोणी दोन आठवडे. खाऊ वाटायचा, इंग्रजी गाणी शिकवायची, मुलांचा नाच पाहायचा, देणगी द्यायची, छायाचित्रे काढायची आणि परतीच्या विमानात बसायचे. या माणसांच्या मनात खोट असते असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु हेतू शुद्ध असला म्हणजे परिणामही शुद्धच होतो, असे सार्वजनिक कार्यकर्त्याला तरी गृहीत धरता येत नाही.

कंबोडियाने अनाथपण फार जवळून पाहिले आहे. १९७५ ते १९७९ या ख्मेर रूजच्या राजवटीत लक्षावधी माणसे मारली गेली किंवा उपासमारीने मेली, आणि असंख्य मुले खरोखरच पोरकी झाली. ती पिढी आता प्रौढ झाली आहे. युद्ध संपले, शांतता आली. तेव्हा अनाथाश्रमांची संख्या घटावयास हवी होती. घडले ते नेमके उलट. २००५ ते २०१० या पाच वर्षांत अशा संस्था सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. युनिसेफच्या साहाय्याने झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे आढळले की, त्यांतील चारांपैकी सुमारे तीन मुलांचे आई किंवा वडील, निदान एक जण, हयात होते. पुढे संपूर्ण देशाची मोजणी झाली. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या तिच्या आकड्यांनुसार ४०६ संस्थांत १६,५७९ मुले राहत होती.

युद्ध नाही, महामारी नाही. मग एवढे अनाथ आले कोठून? ते आले गरिबीतून. भातशेतीवर पोट न भरणाऱ्या घरातील आईला सांगण्यात येते की, शहरातील आश्रमात मुलाला दोन वेळचे जेवण मिळेल, शाळा मिळेल, इंग्रजी येईल. मुलाचे भले व्हावे म्हणून ती काळजावर दगड ठेवून त्याला धाडते. दुसरीकडे, परदेशी पाहुण्याला अनाथ मूल पाहावयाचे असते आणि त्यासाठी तो पैसे मोजावयास तयार असतो. जेथे मागणी उभी राहते तेथे पुरवठाही उभा राहतो, हा बाजाराचा नियम करुणेलाही चुकलेला नाही. सर्वच संस्थाचालक लबाड आहेत असे नव्हे. प्रामाणिकपणे झिजणारी माणसेही तेथे आहेत. पण ज्या संस्थेचे उत्पन्न मुलांच्या संख्येवर आणि त्यांच्या दीनवाण्या चेहऱ्यावर अवलंबून असते, तिला मूल घरी परत पाठविण्यात कोणता लाभ दिसणार?

मुलाचे होणारे नुकसान डोळ्यांना चटकन दिसत नाही. १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात जॉन बोल्बी यांनी मायेच्या एका स्थिर माणसाची गरज ठामपणे मांडली होती. रुमानियात चाउशेस्कूची राजवट १९८९ मध्ये कोसळली तेव्हा एक लाखाहून अधिक मुले सरकारी संस्थांत आढळली. पुढे बुखारेस्टमधील संस्थांतल्या १३६ लहानग्यांचा अभ्यास झाला. त्यांतील निम्म्यांना पालक-कुटुंबांत ठेवण्यात आले. कुटुंबात गेलेल्या मुलांची बौद्धिक वाढ संस्थेत राहिलेल्यांपेक्षा सरस ठरली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना सर्वाधिक लाभ झाला, असे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. सुट्टीपुरता आलेला पाहुणा पंधरा दिवस जीव लावतो आणि निघून जातो; मग दुसरा येतो. दर वेळी लळा लागतो आणि दर वेळी तुटतो. अनोळखी माणसाच्या गळ्यात धावत येऊन पडणारे मूल पाहुण्याला गोड वाटते. जाणत्यांना त्यात उपेक्षेची खूण दिसते.

शिवाय, सुट्टी कोणाची हाही प्रश्न आहे. नाताळ हा पाहुण्याचा सण आहे. ख्मेर मुलाचे सण वेगळे आहेत. एप्रिलच्या मध्यास नववर्ष येते. भाद्रपदाशी नाते सांगणाऱ्या महिन्यात प्चुम बेनचा पंधरवडा येतो. पितृपक्ष पाळणाऱ्या मराठी माणसाला तो परका वाटू नये. त्या दिवसांत शहरात राबणारा मजूरही गाव गाठतो आणि विहारात पूर्वजांच्या नावाने अन्न अर्पण करतो. त्या दिवशी मुलाची जागा आजीशेजारी असते. ज्याला पूर्वज आहेत, आजी आहे, आई आहे, त्याच्या कपाळी अनाथ हा शिक्का मारणे हा त्याच्यावरील पहिला अन्याय होय.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. आज जी मुले आश्रमांत आहेत त्यांच्या ताटातले अन्न काढून घ्यावयाचे काय? मुळीच नाही. एका रात्रीत दारे बंद करून मुलांना गावी लोटणे ही दुसरी क्रूरता ठरेल. घर शोधणे, घरच्यांची तयारी करणे, परतलेल्या मुलाकडे पुढेही लक्ष ठेवणे हे प्रशिक्षित माणसांचे, वेळ घेणारे काम आहे. देणगीदाराने याच कामाला पैसा द्यावा. ज्या मुलाला खरोखर कोणीच नाही, त्याच्यासाठी नातलगांचे अथवा पालक-कुटुंबाचे घर शोधावे.

मुळावर घाव घालण्याचा मार्गही दिसू लागला आहे. कंबोडिया सरकारने २०१९ मध्ये गरीब गरोदर स्त्रिया आणि दोन वर्षांखालील बालकांसाठी रोख साहाय्य सुरू केले, आणि २०२० च्या जूनपासून, कोरोनाच्या काळात, नोंदणीकृत गरीब कुटुंबांना रोख मदत दिली. २०१९ च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने पर्यटकांच्या अनाथाश्रम-सेवेतून होणारी हानी रोखण्याचे आवाहन राष्ट्रांना केले. महाराष्ट्रातील बालसंगोपन योजनेमागेही हेच तत्त्व आहे की, मदत घरी यावी, मूल घराबाहेर जाऊ नये.

दिवाळीत वा वाढदिवसाला आश्रमात मिठाई वाटण्याची रीत मराठी मध्यमवर्गातही रुजली आहे, आणि आता हा वर्ग सहलीसाठी सिएम रीपलाही जाऊ लागला आहे. तेव्हा कार्यकर्त्यांनी आपल्या परिचितांना तीन प्रश्न विचारावयास शिकवावे. या मुलांचे आईवडील कोठे आहेत? गेल्या वर्षी किती मुले घरी परतली? आणि कोणीही अनोळखी माणूस येथे सहज आत येऊ शकतो काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळत नसतील आणि तिसऱ्याचे उत्तर 'होय' असेल, तर पाकीट खिशातच राहू द्यावे.

दया क्षणभर डोळे ओले करते. पण मुलाला आईपासून तोडणारी गरिबी त्या ओलाव्याने हटत नाही. त्यासाठी गावात शाळा हवी, हाताला काम हवे, आजारात औषध हवे. सुट्टीतला पैसा या कामी लागला तर देणाऱ्याला मुलाबरोबरचे छायाचित्र मिळणार नाही. पण सणाच्या दिवशी ते मूल आपल्या घरी असेल.