पशुकथा आणि राज्यकारभाराचे शिक्षण

(उदगीर येथील प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पंचतंत्राच्या गोष्टी ज्या शाळेत सांगितल्या जात नाहीत, अशी प्राथमिक शाळा या तालुक्यात सापडणे कठीण. सिंह आणि ससा, माकड आणि मगर यांच्या गोष्टी मुले आनंदाने ऐकतात. मग शिक्षक फळ्यावर ‘तात्पर्य’ असा शब्द लिहितात, त्यापुढे एक वाक्य येते, मुले ते वहीत उतरवून घेतात आणि गोष्ट संपते. आजचा विचार या तात्पर्याविषयी आहे.

पंचतंत्र हा ग्रंथ मुळात बालवाङ्मय म्हणून जन्मास आला नाही. त्याची प्रास्ताविक कथाच याची साक्ष देते. दक्षिण देशातील महिलारोप्य नगरीच्या अमरशक्ती राजाचे तीन पुत्र विद्येस विन्मुख होते. ऐंशी वर्षांच्या विष्णुशर्म्याने त्यांना सहा महिन्यांत नीतिशास्त्रात निष्णात करण्याचे पत्करले. येथे ‘नीती’ या शब्दाचा अर्थ सदाचार एवढाच नाही. मित्र कोणास म्हणावे, शत्रूशी संधी केव्हा करावी, मंत्र्यावर विश्वास किती ठेवावा, हा त्या अभ्यासाचा विषय होता. उद्या ज्यांना राज्य चालवावयाचे होते, त्यांच्यासाठीच ही प्राण्यांची शाळा भरली होती. आज प्रौढ झालेला प्रत्येक विद्यार्थी मतदार होतो. तेव्हा राजपुत्रांचा तो अभ्यासक्रम आता गावोगावच्या शाळांचा झाला आहे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

पहिले तंत्र ‘मित्रभेद’. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची मैत्री जडते. अधिकारावरून दूर झालेला दमनक कोल्हा दोघांच्याही कानी लागतो, परस्परांविषयी संशय पेरतो आणि शेवटी सिंहाकडून बैलाचा वध करवितो. दमनकास शिक्षा मात्र होत नाही. त्याचे मंत्रिपद सुरक्षित राहते. ‘करावे तसे भरावे’ हे तात्पर्य येथे लावावे तरी कसे? ही अडचण फार जुनी आहे. सहाव्या शतकात हा ग्रंथ इराणात गेला आणि आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फा याने तो अरबीत उतरविला. त्या अरबी ग्रंथात दमनकाची चौकशी होऊन त्यास शासन झाल्याचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. ते या भाषांतरकारानेच जोडले असावे, असे अभ्यासक मानतात. वाचकाचे समाधान झाले खरे. परंतु मूळ कथा राजपुत्रांना जे शिकवीत होती, त्याची धार त्यामुळे काहीशी बोथट झाली. दरबारात चुगलखोरास शिक्षा होतेच असे नाही, म्हणून ऐकणाऱ्यानेच सावध असले पाहिजे, हे मूळ कथेचे सांगणे आहे.

मग हे सरळ का सांगू नये? प्राण्यांचा पडदा कशासाठी? रोमन कवी फीड्रस याने याचे उत्तर दिले आहे. तो स्वतः दास्यातून मुक्त झालेला होता. दासाला मनातले उघड बोलता येत नसे, म्हणून त्याने ते कथेत लपविले, असे तो सांगतो. लाकडाचा ओंडका राजा म्हणून नको, दुसरा राजा द्या, असा हट्ट धरणाऱ्या आणि शेवटी भक्षक पदरी पडलेल्या बेडकांची गोष्ट इसापाने अथेन्सच्या लोकांना पिसिस्ट्रेटसची एकाधिकारशाही आली तेव्हा सांगितली, असेही त्याने नमूद केले आहे. मराठीत इसापाच्या कथा सन 1828 मध्ये सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी आणल्या. पेशवाई बुडून तेव्हा अवघी दहा वर्षे झाली होती. राजा बदलल्याचा अनुभव ज्यांच्या डोळ्यांदेखतचा होता, त्या वडीलधाऱ्यांनी मुलांच्या हातातील ती बेडकांची गोष्ट कोणत्या मनाने वाचली असेल?

आता उदगीरकडे येऊ. पंचतंत्राच्या चौथ्या तंत्रात गंगदत्त नावाच्या बेडूकराजाची कथा आहे. भाऊबंदांच्या जाचास कंटाळून तो रहाटाच्या पोहऱ्यावरून विहिरीबाहेर येतो आणि प्रियदर्शन नावाच्या सापास आत येण्याचे आमंत्रण देतो. साप भाऊबंदांना खाऊन टाकतो आणि मग म्हणतो, “आता मला अन्न दे. मला येथे तूच आणलेस.” गंगदत्त आपल्या परिवारातील रोज एकेक बेडूक देऊ लागतो. एके दिवशी त्याचा पुत्र यमुनादत्तही जातो. शेवटी, दुसऱ्या विहिरीतले बेडूक घेऊन येतो, असे सांगून गंगदत्त जीव वाचवितो. (रहाट आता मुलांच्या पाहण्यात नाही, विहिरीवर विजेची मोटार असते. गोष्टीपूर्वी रहाटाचे चित्र फळ्यावर काढावे, अन्यथा बेडूक वर कसा आला, यातच वर्ग अडकेल.)

हीच कथा इतिहासाच्या तासाला पुन्हा काढावी. सन 1751 मध्ये निजामाच्या घराण्यातील वारसांच्या तंट्यात सलाबतजंग गादीवर आला, तो फ्रेंच सेनानी बुसी याच्या बळावर. त्या फौजेच्या खर्चासाठी सन 1753 मध्ये पूर्व किनाऱ्यावरील उत्तर सरकारचे प्रांत फ्रेंचांच्या हवाली करावे लागले. सन 1758 मध्ये बुसी परत बोलाविला गेला. मग फेब्रुवारी 1760 मध्ये याच उदगीरच्या परिसरात सदाशिवरावभाऊंच्या सैन्याने सलाबतजंग व त्याचा भाऊ निजामअली यांना कोंडीत धरले. मराठ्यांचा तोफखाना इब्राहिमखान गारदी याच्या हाती होता आणि तो पूर्वी निजामाच्याच चाकरीत होता. दौलताबाद, असीरगड, विजापूर यांसारखे किल्ले आणि सुमारे 60 लक्ष उत्पन्नाचा मुलूख निजामाने दिला. पुढे सन 1762 मध्ये निजामअलीने भावास पदच्युत करून कैदेत टाकले आणि सन 1763 मध्ये तो कैदेतच मरण पावला.

उदगीरचा किल्ला शाळेपासून लांब नाही. मुलांना तेथे नेऊन हा प्रसंग सांगावा आणि विचारावे, गंगदत्त कोण? बहुतेक मुले सलाबतजंगाचे नाव घेतील. तेथे थांबू नये. थांबलो तर मुलांच्या मनात एवढेच राहील की, मूर्ख बेडूक नेहमी पलीकडच्या पक्षात असतात. म्हणून सन 1775 चा सुरतेचा तह सांगावा. राघोबादादांनी पेशवाईसाठी इंग्रजांस बोलाविले. 31 डिसेंबर 1802 चा वसईचा तहही सांगावा. होळकरांच्या धाकाने दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजी फौज पदरी घेतली आणि सोळा वर्षांत राज्य गेले. निजामअलीने तर सन 1798 मध्येच तैनाती फौज स्वीकारली होती. दोन्ही दरबारांतून पोहरा विहिरीत सोडला गेला होता. पशुकथेचा हाच मोठा उपयोग आहे. गंगदत्तास जात नाही, धर्म नाही, झेंडा नाही. आहे ती फक्त कृती. त्यामुळे मूल आपल्या पक्षाचीही पारख करू शकते.

परंतु या साधनास दुसरी बाजूही आहे आणि तिच्याविषयी मौन बाळगणे योग्य होणार नाही. निळीच्या पिंपात पडलेल्या कोल्ह्याची गोष्ट घ्या. रंग पालटल्यामुळे तो वनाचा राजा होतो आणि एके दिवशी इतर कोल्ह्यांची ओरड ऐकून स्वतः ओरडतो व मारला जातो. ‘मूळ स्वभाव जात नाही’ हे तात्पर्य फळ्यावर येते. ज्या वर्गात घराण्यातील पहिलेच शिकणारे मूल बसले आहे, त्या वर्गात या वाक्याचा अर्थ काय होतो? नवा गणवेश घालून आलेल्या त्या मुलाकडे दुसरे एखादे मूल वळून पाहते आणि हसते. शिक्षकांच्या ध्यानीही येत नाही, इतक्या सहज हे घडते. पशूंमध्ये सिंह जन्माने सिंह व कोल्हा जन्माने कोल्हा असतो. माणसांचे तसे नसते आणि राज्यघटनेस तर ते मुळीच मान्य नाही. पशुरूपक जेव्हा एखाद्या जातीस वा समाजास चिकटविले जाते, तेव्हा ते शिक्षण राहत नाही, शिवी होते.

गंमत अशी की, मूळ पंचतंत्रात ही गोष्ट दमनक सांगतो आणि तिचा रोख वेगळाच आहे. निळा कोल्हा राजा होताच पहिले काम काय करतो? स्वजातीच्या सर्व कोल्ह्यांना हाकलून देतो. आपल्या माणसांना दूर लोटून परक्यांना जवळ करणारा राजा नाश पावतो, हा तेथील बोध आहे. तेव्हा “कोल्हा पकडला का गेला?” याऐवजी “कोल्ह्याने आपल्या सोबत्यांना का घालविले?” असा प्रश्न विचारावा. गोष्ट तीच राहते, पण वर्गातील कोणाही मुलाची मान खाली जात नाही. आणि ही गोष्ट सांगणारा दमनक आहे, याकडे वरच्या इयत्तांतील मुलांचे लक्ष अवश्य वेधावे. बैल परका आहे, त्यास जवळ करू नका, हे सिंहाच्या मनावर ठसविण्यासाठीच त्याने ही कथा वापरली. कथा खरी असूनही सांगणाऱ्याचा हेतू कुटिल असू शकतो. निवडणुकीच्या सभेत कोणी वक्ता लांडग्याची वा सापाची गोष्ट सांगू लागला, तर ती कोणासाठी व कशासाठी सांगितली जात आहे, हे ओळखण्याची सवय या वयात लागू शकते.

यासाठी वेगळा तास नको. आठवड्यातून एका गोष्टीपुरते तात्पर्य लिहू नये. फळा कोरा ठेवावा आणि मुलांनी घरी आजीआजोबांस, शेजाऱ्यांस ती गोष्ट सांगून, “असे कधी झाले होते का?” एवढे विचारून यावे. येणारी उत्तरे बांधाच्या भांडणाची असतील, पाण्याच्या पाळीची असतील, कदाचित रझाकारांच्या आणि 1948 च्या आठवणींचीही असतील. सर्वच वर्गात वाचून दाखविण्याजोगी असतील असे नाही. ती निवड शिक्षकांनी करावी आणि गावातील जिवंत व्यक्तींची नावे वगळावीत.

शिक्षकांच्या स्वतःच्या वाचनासाठी व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ ही सन 1982 ची छोटी कादंबरी सुचवावीशी वाटते. तीत वानरांच्या टोळीतील सत्तासंघर्ष आहे आणि लेखकाने तात्पर्य कोठेही लिहिलेले नाही. केंद्रशाळेच्या ग्रंथालयात ती नसल्यास पुढील खरेदीच्या यादीत तिचे नाव घालून ठेवावे.