वाटेत थांबावयाचे कुठे?



मुंबईहून समुद्रमार्गे मालवणास किंवा पणजीस जावयाचे झाले तर बेत कसा आखावा, हा आजचा माझा विषय आहे. घाटावरच्या श्रोत्यांपुढे खाऱ्या पाण्याच्या गोष्टी सांगणे थोडे धाडसाचेच. पण तुमच्यापैकी निम्म्यांची आजोळे कोकणात असतील, अशा भरवशावर मी उभा आहे.

कोकणात पुन्हा प्रवासी बोटी चालाव्यात ही मागणी जुनी आहे. तीत विचारले जाते ते एवढेच : भाडे किती, वेळ किती, मोटार चढेल की नाही. वाटेत थांबण्याची पाळी आली तर कुठे थांबावयाचे आणि त्या थांबण्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हे कोणी विचारीत नाही. माझ्या मते बेताची सुरुवात तिथूनच केली पाहिजे.

जुन्या आगबोटींचा मार्ग आठवून पाहा. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी बोट सुटे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीस लागे. मध्ये हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले. सर्व बंदरे सर्व बोटी घेत असत असे नाही. पुष्कळ ठिकाणी बोट दूर खोल पाण्यात उभी राही आणि वळकट्या, ट्रंका, लेकरे यांसह माणसे पडावात उतरत. मध्यरात्री बंदर आले तर उतारूने मध्यरात्रीच उतरावयाचे. पुढचा मुक्काम धर्मशाळेत की ओळखीच्याच्या ओटीवर, ही त्याची त्याने पाहावयाची गोष्ट.

या बंदरांच्या यादीत एक भेद आहे, तो नकाशावर दिसत नाही. बोट थांबते ते प्रत्येक ठिकाण आसऱ्याचे नसते. हर्णै किंवा वेंगुर्ले येथे उघड्या समुद्रावर उभे राहावे लागते. हवा बिघडली तर तिथे थांबणे आणि चालत राहणे यांत फारसा फरक नाही. दाभोळास वाशिष्ठीची खाडी आत मोठी आहे, पण तिच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. मालवणास सिंधुदुर्गाच्या आजूबाजूला खडक आहेत. तिथे उजेडीच शिरावे. खरा आसरा म्हणाल तर राजपुरीची खाडी, शास्त्रीच्या मुखाचे जयगड, वाघोटनच्या मुखाचे विजयदुर्ग आणि देवगड. आंग्र्यांचे आरमार विजयदुर्गास राहिले, ते काही देखाव्यासाठी नव्हे.

आता हिशेब मांडू. मुंबई ते पणजी अंतर सुमारे सव्वादोनशे सागरी मैल. तासाला 7 मैल चालणारी लहान नौका घेतली, तर दिवसाउजेडी चालून रात्री थांबत असे टप्पे पडतात : राजपुरीपर्यंत सुमारे 40 मैल, तिथून जयगड 60, जयगडाहून विजयदुर्ग 45, तिथून मालवण 30 आणि पुढे पणजी 35 ते 40. सर्वांत लांब टप्पा नऊ तासांचा. पहाटे पाचास निघालात तर दुपारी दोनला जयगड. विजयदुर्गाहून निघण्यास उशीर झाला तर मालवणचा हट्ट धरू नये. मध्ये देवगड आहे, तिथे नांगर टाकावा.

हे गणित जातानाचे. येताना तेच उलटे मांडून चालत नाही. ऑक्टोबर ते मे या हंगामात रात्री व पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो आणि दुपारनंतर समुद्रावरून, बहुधा वायव्येकडून, खारा वारा सुटतो. दक्षिणेस जाणाऱ्याच्या तो पाठीशी असतो, मुंबईस परतणाऱ्याच्या तोंडावर. म्हणून परतीचे टप्पे आखूड धरावेत आणि पहाटे लवकर निघून दुपारच्या आत आटपावेत. पावसाळ्याचा तर प्रश्नच नाही. जून, जुलै, ऑगस्ट हे महिने या किनाऱ्यावर लहान नौकेचे नव्हेत.

भरतीसाठी आमच्या कोळी बांधवांचा एक आडाखा आहे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे मुंबईकडची पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमेस किंवा अमावास्येस पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्या दिवशी उधाण असते. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. मुंबईस उधाणाला पाणी पाच मीटरपर्यंत चढते-उतरते, गोव्याकडे त्याच्या निम्म्याहूनही कमी. दाभोळसारख्या खाडीत शिरावयाचे तर हे गणित घरूनच करून निघावे. छापील कोष्टक मिळते, ते जवळ ठेवावेच. पण ज्याला पाऊणकी येते त्याला कोष्टकातली चूक पकडता येते.

इथपर्यंतचे कोणीही अनुभवी तांडेल तुम्हांला सांगेल, आणि माझ्यापेक्षा चांगले सांगेल. मी कामगारांच्या संघटनेत उभे आयुष्य घालविलेला माणूस. मला बोलावयाचे आहे ते पुढचे.

बंदर डाव्या हाताला दिसत असते, आभाळ काळे होत असते, आणि तरी बोट थांबत नाही. का? एका मालकाकडे खलाशांना खेपेवर मजुरी होती. नाव सांगत नाही, कारण तो एकटाच तसा नव्हता. खेप पुरी झाली तर पैसे; वाऱ्यामुळे तीन दिवस बंदरात अडकले तर त्या तीन दिवसांचे काही नाही, वर शिधा अंगावर. त्यांना शहाणपणाचा उपदेश करून काय उपयोग? उतारूचेही तेच. दोन दिवसांची रजा, घरी कार्य. बोट थांबली तर जेवण-निवाऱ्याचा भुर्दंड त्यालाच. मग तोच तांडेलाला म्हणतो, "काका, एवढ्यासाठी काय थांबता? चला की!"

17 जुलै 1947 रोजी, आषाढी अमावास्येला, ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. प्रवास थोड्या वेळाचा, सणाचा दिवस, बोट माणसांनी भरलेली. काशाच्या खडकाजवळ ती कलंडून बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. सकाळची दुर्घटना मुंबईस कळावयास दुपार उलटली. जी थोडी माणसे वाचली त्यांतील पुष्कळांना कोळ्यांच्या होड्यांनी उचलले. हा प्रवास एवढासा, त्यास मुक्कामाचा बेत कशाला, असे ज्याला वाटेल त्याने ही तारीख लक्षात ठेवावी. त्या दिवशी मुक्काम करावयाची जागा एकच होती : भाऊचा धक्का.

ही जुनी गोष्ट झाली म्हणाल, तर मे 2021 ची घ्या. तौक्ते वादळाची सूचना आधी आलेली होती. पुष्कळ नौका किनाऱ्याकडे परतल्या. तेलक्षेत्रातील ‘पी-305’ हा तराफा 261 माणसे घेऊन समुद्रातच राहिला आणि बुडाला. सत्तराहून अधिक कामगार गेले. ती प्रवासी बोट नव्हती, हे खरे. पण परतावयाचे की राहावयाचे हे ज्यांच्या जिवावर बेतणार होते, त्या कामगारांच्या हाती तो निर्णय नव्हता, एवढे साम्य मला पुरे आहे.

म्हणून नव्या प्रवासी बोटींची मागणी करताना तीन कलमे तिच्यात घाला. हवेमुळे बंदरात घालविलेल्या प्रत्येक दिवसाची पूर्ण मजुरी आणि शिधा खलाशांना मिळावा. अशा मुक्कामात उतारूंच्या जेवणाची व निवाऱ्याची सोय बोटवाल्याने करावी, आणि ज्याला तिथूनच एस.टी.ने पुढे जावयाचे असेल त्याला उरलेले भाडे परत मिळावे. न निघण्याचा किंवा वाटेत थांबण्याचा तांडेलाचा निर्णय अखेरचा असावा व त्यापायी त्याची नोकरी जाऊ नये. याने भाडे थोडे वाढेल. वाढू द्या; ते तिकिटावर उघड लिहा, म्हणजे आपण कशाचे पैसे देतो हे उतारूलाही कळेल.

तोपर्यंत तुम्हांपैकी कोणी लहान नौका ठरवून जाणार असाल, तर निघण्यापूर्वी तांडेलाशी बसून दोन गोष्टी कागदावर घ्या : कोणत्या टप्प्यावर किती वाजेपर्यंत पोहोचलो नाही तर कोणत्या बंदरात शिरावयाचे, आणि जास्तीच्या दिवसाचे त्याला किती द्यावयाचे. दुसरा आकडा त्याला निघण्याआधीच सांगा.