लेन बायस : एका खेळाडूचा मृत्यु आणि एक कायदा



बास्केटबॉल हा खेळ आपल्याकडेहि शाळा-महाविद्यालयांच्या पटांगणांतून खेळला जातो. परंतु अमेरिकेंत महाविद्यालयीन बास्केटबॉलला जें माहात्म्य आहे त्याची कल्पना इकडे सहसा येत नाहीं. १८९१ मध्यें जेम्स नेस्मिथ नांवाच्या शिक्षकानें मॅसॅच्युसेट्स संस्थानांत पीच फळांच्या टोपल्या उंचावर टांगून हा खेळ काढला, आणि शंभर वर्षांच्या आंत विद्यापीठांचे सामने पाहण्यास हजारों लोकांची गर्दी लोटूं लागली. सामना दूरचित्रवाणीवर, खेळाडूचें नांव घरोघर, आणि खेळाडू मात्र त्या काळीं वेतनाचा एक डॉलरहि न घेणारा विद्यार्थी, असा तो विलक्षण प्रकार होता. ज्या तरुणाची हकीकत मी आज सांगणार आहें तो अशाच विद्यार्थ्यांपैकीं एक.

लेन बायस याचा जन्म १८ नोव्हेंबर १९६३ रोजीं झाला. वॉशिंग्टन राजधानीस लागून असलेल्या मेरीलँड संस्थानांतील लँडोव्हर हें त्याचें गांव. घर कृष्णवर्णीय, साध्या स्थितीचें, धर्मनिष्ठ. गांवापासून थोड्याच मैलांवर मेरीलँड विद्यापीठ. तेथें तो १९८२ सालीं दाखल झाला. उंची सहा फूट आठ इंच, आणि उडी अशी कीं एवढा मोठा देह हवेंत क्षणभर थांबला आहे असें पाहणाऱ्यास वाटावें. पहिल्या वर्षीं त्याच्या खेळांत जोर होता, घडण नव्हती. चौथ्या वर्षीं तो दर सामन्यास सरासरी २३ गुण मिळवीत होता. १९८५ आणि १९८६ अशीं लागोपाठ दोन वर्षें तो आपल्या विद्यापीठ-संघांच्या मंडळांतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला.

त्याच्या खेळाची गोष्ट निघाली म्हणजे जाणकार २० फेब्रुवारी १९८६ चा सामना हटकून काढतात. चॅपेल हिल येथें नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाशीं गांठ होती. तो संघ त्या वेळीं देशांत पहिल्या क्रमांकाचा, आणि आपल्या नव्या क्रीडागृहांत तोंवर एकदांहि न हरलेला. सामना हातचा जातो आहे असें दिसत असतां बायसनें दुरून चेंडू टोपलींत घातला; प्रतिपक्षी चेंडू पुन्हां खेळांत आणतो न आणतो तोंच झडप घालून तो हिरावला, आणि टोपलीकडे पाठ करून दोन्ही हातांनीं उलटा आंत ठोकला. हें सारें कांहीं क्षणांत घडलें. वाढीव वेळेनंतर मेरीलँडनें तो सामना ७७ विरुद्ध ७२ गुणांनीं जिंकला. त्यांतले ३५ एकट्या बायसचे.

अमेरिकेंतील व्यावसायिक संघ दरवर्षीं ठराविक क्रमानें नव्या खेळाडूंची निवड करतात. १७ जून १९८६ रोजीं न्यूयॉर्क येथें झालेल्या निवडींत बायसला दुसरें स्थान मिळालें, आणि तेंहि बोस्टन सेल्टिक्स या संघाकडून. साधारणतः दुबळ्या संघांस आधीं निवडीचा हक्क असतो. बोस्टननें तर त्याच महिन्यांत राष्ट्रीय विजेतेपद मिळविलें होतें. परंतु दोन वर्षांपूर्वीं आपला एक खेळाडू सिअॅटलच्या संघास देऊन त्यांनीं हा हक्क मिळवून ठेविला होता. विजेत्यांच्या घरांत प्रवेश करण्याचें असें भाग्य नवख्यास क्वचित् लाभतें. दुसरे दिवशीं, म्हणजे १८ जूनला, तो वडिलांसह बोस्टनला जाऊन आला आणि रात्रीं विद्यापीठाच्या वसतिगृहांतील आपल्या खोलीवर परतला. तेथें मित्रमंडळींत पहांटेपर्यंत कोकेनचें सेवन चाललें. सकाळीं साडेसहाच्या सुमारास त्याला झटके येऊं लागले. रुग्णालयांत डॉक्टरांनीं शर्थ केली. पण नऊ वाजण्यापूर्वींच तो मृत घोषित झाला. वय अवघें बावीस. निवड झाल्याला पुरते दोन दिवसहि लोटले नव्हते.

पांच दिवसांनीं शवपरीक्षेचा निर्णय जाहीर झाला : कोकेनच्या विषबाधेनें हृदयाच्या स्पंदनांचें नियमन तुटलें. लोकांना ही गोष्ट पटेना. एवढा धट्टाकट्टा देह! निवडीपूर्वींच्या तपासण्यांतहि अमली द्रव्याचा मागमूस लागला नव्हता. परंतु येथें देहाच्या बळकटपणाचा कांहीं उपयोग नसतो, हें समजून घेतलें पाहिजे. कोकेन ही कांहीं सर्वस्वीं दुष्ट वस्तु नव्हे. १८८४ मध्यें व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनीं डोळ्याच्या शस्त्रक्रियेंत ती बधिरता आणण्यासाठीं वापरली आणि वैद्यकाला एक वरदान दिलें. आपल्या मुंबईंतहि विसाव्या शतकाच्या आरंभीं विड्यांत घालून कोकेन खाण्याचें व्यसन पसरलें होतें, तेव्हां हें नांव आपणांस अगदींच परकें नाहीं. हें द्रव्य रक्तांत शिरलें म्हणजे एकीकडून हृदयास चेतविणाऱ्या स्रावांचा जोर वाढतो आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. दुसरीकडून ज्या विद्युत्-लहरीनें ठोका नियमित पडतो तीच मंदावते. घोड्याला चाबूक ओढावा आणि त्याच वेळीं लगाम तोडावा, तसें हें आहे. कोणाचें हृदय कोणत्या मात्रेला असें बिथरेल हें डॉक्टरहि आधीं सांगूं शकत नाहीं.

मृत्यूनंतर विद्यापीठाचीं कागदपत्रें उघडलीं गेलीं तेव्हां आणखी एक गोष्ट बाहेर आली. चार वर्षें विद्यापीठासाठीं खेळून झालीं, खेळण्याचा हक्क संपला. पण पदवीला अद्याप २१ क्रेडिट, म्हणजे सुमारें सात विषयांचा अभ्यास, शिल्लक होता. प्रेक्षागृहें भरविणाऱ्या या विद्यार्थ्याच्या विद्येची काळजी कोणाला होती? क्रीडाविभागाच्या प्रमुखांनीं राजीनामा दिला, आणि सतरा वर्षें संघ घडविणारे लेफ्टी ड्रिझेल यांनाहि ऑक्टोबरांत प्रशिक्षकपद सोडावें लागलें.

परंतु या मृत्यूचा खरा पडसाद उमटला तो वॉशिंग्टनच्या काँग्रेसमध्यें. प्रतिनिधिगृहाचे सभापति टिप ओनील हे बोस्टनकडचे. त्यांच्या मतदारांना बायसचा शोक घरच्यासारखा झाला होता. नोव्हेंबरांत निवडणुका होत्या. अशा वेळीं कांहीं तरी कठोर करून दाखविण्याची अहमहमिका दोन्ही पक्षांत लागली, आणि जो विचार महिनोन् महिने व्हावयाचा तो कांहीं आठवड्यांत उरकण्यांत आला. २७ ऑक्टोबर १९८६ रोजीं अध्यक्ष रेगन यांच्या सहीनें कायदा झाला. क्रॅक, म्हणजे सोड्याबरोबर शिजवून खडे केलेलें आणि चिलमींतून ओढावयाचें कोकेन, विक्रीच्या हेतूनें पांच ग्रॅम बाळगलें तर किमान पांच वर्षें कारावास. पांढऱ्या पुडीचें कोकेन मात्र ५०० ग्रॅम असेल तेव्हां तीच शिक्षा. न्यायाधीशानें परिस्थिति पाहून शिक्षा कमी करावी म्हटलें, तर त्याचे हात बांधलेले.

बायस क्रॅकनें मेला असा समज त्या दिवसांत सर्वत्र पसरला होता. वस्तुतः त्या रात्रीं पूड नाकावाटे ओढली गेली असें त्याच्या सोबत्यांनींच पुढें साक्षींत सांगितलें. ज्याचें नांव घेऊन कायदा झाला त्याच्या मरणाशींच कायद्याचा मेळ बसत नव्हता! पूड महाग, ती श्रीमंतांच्या बैठकींत. खडे स्वस्त, ते शहरांतील गरीब वस्त्यांत. त्यामुळें या विषम मापाचा भार बहुतांशीं कृष्णवर्णीय तरुणांवर, म्हणजे बायससारख्याच घरांतल्या मुलांवर, पडला. शोक हा प्रामाणिक असतो, पण तो चांगला कायदेपंडित नव्हे, असें मला वाटतें. त्या मसुद्याच्या कामांत भाग घेतलेले काँग्रेसचे एक विधिसल्लागारच पुढें त्याचे कडवे टीकाकार झाले. एकास शंभर हें प्रमाण एकास अठरावर येण्यास २०१० साल उजाडलें, आणि जुन्या कैद्यांना त्याचा लाभ मागण्याची वाट २०१८ मध्यें मोकळी झाली. तोंवर कित्येकांचें तारुण्य तुरुंगांत सरलें होतें.

बायसच्या घरावर याच काळांत दुसरा घाव पडला. त्याचा धाकटा भाऊ जे हाहि बास्केटबॉल खेळणारा. डिसेंबर १९९० मध्यें हायट्सव्हिल येथील एका बाजारपेठेच्या आवारांत, किरकोळ बाचाबाचीनंतर, त्याच्यावर गोळ्या झाडण्यांत आल्या आणि तो मरण पावला. वय वीस. थोरला ज्या दफनभूमींत विसावला तेथेंच धाकट्यालाहि नेण्यांत आलें.

त्यांची आई लोनीस बायस ही थोरल्याच्या मृत्यूनंतर शाळाशाळांतून मुलांपुढें बोलूं लागली होती. दुसरा मुलगा गेल्यावर ती घरीं बसली नाहीं. अमली द्रव्यांबरोबर पिस्तुलांविषयींहि बोलूं लागली. महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या राष्ट्रीय सन्मानमंदिरांत लेन बायसचें नांव २०२१ सालीं नोंदलें गेलें. तो गेल्याला तेव्हां पस्तीस वर्षें झालीं होतीं.