सूक्ष्म पिशव्यांचे मोजमाप
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



प्रयोगशाळेत मी नेमके काय करतो, असे आपल्यापैकी अनेकांनी मला विचारले आहे. थोडक्यात सांगावयाचे तर, मी पिशव्या मोजतो.

या पिशव्यांचे नाव लायपोसोम. अंड्याच्या बलकात व सोयाबीनमध्ये लेसिथिन नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. तो पाण्यात कालविला की त्याचे रेणू आपोआप दुहेरी रांगेत उभे राहून पोकळ, गोल पिशव्या बनवितात व थोडे पाणी आत कोंडले जाते. इंग्लंडात केंब्रिजजवळील बाब्राहम येथे ॲलेक बँगहॅम यांनी १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हे ओळखले. पाण्याबरोबर औषधही कोंडता येईल, हा विचार ओघानेच आला.

२०२१ साली काळ्या बुरशीच्या रोगाने महाराष्ट्रात हाहाकार उडविला, तेव्हा अँफोटेरिसिन या औषधाच्या कुप्यांसाठी रोग्यांचे आप्त दारोदार हिंडले, हे आपण विसरला नसाल. नुसते अँफोटेरिसिन मूत्रपिंडास फार अपाय करते. लायपोसोममध्ये घातले म्हणजे तो अपाय पुष्कळ कमी होतो. त्याच्या फंगिसोम या भारतीय प्रकारात तर, शिरेतून देण्यापूर्वी कुपीस श्राव्यातीत ध्वनिलहरी देऊन पिशव्या लहान कराव्या लागतात.

लहानच का? मोठ्या पिशव्या यकृत व प्लीहेतील भक्षक पेशी रक्तातून चटकन उचलतात; लहान पिशव्या अधिक काळ फिरतात, परंतु त्यांच्या पोटात औषध कमी मावते. आणि नुसत्या कालविलेल्या मिश्रणात काही पिशव्या शंभर नॅनोमीटरहून लहान, तर काही हजारांच्या घरातील असतात. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. तेव्हा माप हा येथे रोग्याच्या हिताचा प्रश्न आहे.

मापण्याची प्रचलित रीत प्रकाशाची. पाण्यात लहान कण वेगाने थरथरतात, मोठे सावकाश. त्यांवरून विखुरणाऱ्या लेसर किरणांच्या चढउतारावरून यंत्र काही मिनिटांत सरासरी आकार सांगते. रीत उत्तम, पण तिच्यात एक खोड आहे. भरीव कणाचा व्यास दुप्पट झाला की विखुरलेला प्रकाश सुमारे ६४ पट होतो. पातळ भिंतीच्या पोकळ पिशवीतही सुमारे १६ पट. म्हणजे मूठभर मोठ्या पिशव्या असंख्य लहानांना झाकून टाकतात. सभेत ज्याचा आवाज मोठा त्याचेच मत नोंदले जावे, तसे हे आहे. (आपल्या मंडळाच्या सभांविषयी मी बोलत नाही!) म्हणून यंत्राच्या एकट्या आकड्यावर माझा विश्वास नाही. आधी वेगळे करावे, मग मोजावे.

वेगळे करण्यासाठी काचेच्या उभ्या नळीत सेफरोजचे मऊ मणी भरतात. हा पदार्थ समुद्रशैवालापासून काढतात. मण्यांत अतिसूक्ष्म छिद्रे असतात. वरून मिश्रण ओतले की आपल्या घरच्या चाळणीच्या अगदी उलट घडते: मोठ्या पिशव्या प्रथम बाहेर येतात! जत्रेत मुले प्रत्येक दुकानात शिरून मागे राहतात आणि थोर माणसे सरळ पुढे जातात, तद्वत लहान पिशव्या छिद्राछिद्रांत रेंगाळतात, मोठ्यांना आत शिरताच येत नाही. खाली ओळीने नळ्या मांडलेल्या असतात. पहिल्यांत दुधट पाणी उतरते, नंतरच्यांत जवळजवळ नितळ. ध्वनिलहरींनी फोडलेल्या मिश्रणातून १९६९ साली हुआंग यांनी याच मार्गाने सुमारे २५ नॅनोमीटरच्या, बऱ्याच एकसारख्या पिशव्या निराळ्या काढल्या.

ठरावीक छिद्रांच्या पॉलिकार्बोनेट पडद्यातून मिश्रण दाबाने वारंवार ढकलण्याची युक्तीही आहे, व ती सोपी पडते. मात्र पडदा शंभर नॅनोमीटरचा म्हणून पिशव्याही नेमक्या तेवढ्याच निघतील, असे नव्हे. त्या मऊ असल्याने ताणून, पिळवटून पलीकडे जातात. म्हणून त्यानंतरही मी प्रकाशाने मोजतो, आणि शंका उरली तर नमुना क्षणार्धात गोठवून विद्युत्कण-सूक्ष्मदर्शकाखाली पिशव्या प्रत्यक्ष पाहतो.