पाण्यातले शेजारी
(हीरक महोत्सव समारंभातील भाषण)



आपल्या शाळेच्या हीरक महोत्सवात मी भोपाळच्या बड्या तलावाविषयी बोलणार आहे. कारण वनस्पतिशास्त्राचा माझा पहिला तास वर्गात नव्हे, त्याच्या काठावर झाला. सातवीत असताना बाई आम्हांला तेथे घेऊन गेल्या. पाण्यातल्या साऱ्या हिरवाईला आम्ही ‘शेवाळ’ म्हणून मोकळे झालो. बाई हसून म्हणाल्या, ‘एका वर्गात बसता, म्हणून तुम्हां सर्वांचे नाव एकच का?’ तो प्रश्न मला जन्मभर पुरला.

अकराव्या शतकात राजा भोजाने कोलांस नदीला बांध घालून हा तलाव निर्माण केला, असे परंपरा सांगते. 2002 मध्ये बडा आणि छोटा तलाव मिळून ‘भोज पाणथळ’ रामसर यादीत समाविष्ट झाले. येथे जलवनस्पतींच्या 106 जातींची नोंद आहे. काठाशी पाणकणीस आणि लव्हाळे उभे असतात. ते पावसाबरोबर येणारा गाळ अडवतात. थोडे आत कमळ, कुमुद आणि शिंगाडा. शिंगाड्याच्या देठात हवेचा फुगीर कप्पा असतो, म्हणून त्याची पाने तरंगतात. उपवासाच्या दिवशी आपल्या ताटात येणारे शिंगाड्याचे पीठ म्हणजे अशाच पाण्यात दिवस काढणाऱ्या कुटुंबांचे श्रम.

त्याखाली बुडालेली सृष्टी आहे. व्हॅलिस्नेरियाचे नरफूल देठापासून सुटून पृष्ठभागावर येते. मादीफूल लांब देठावर वर येऊन त्याची वाट पाहते. परागण झाले की देठ मळसूत्रासारखा गुंडाळला जातो आणि फळ पाण्याखाली पिकते. याच वनस्पती पाण्याला प्राणवायू देतात, माशांच्या पिलांना आसरा देतात. शहराच्या मोठ्या भागाची तहान भागवणारे पाणी या शेजाऱ्यांच्या सोबतीने राहते.

मात्र शेतातली खते आणि वस्तीचे सांडपाणी तलावात आले, की हा समतोल ढळतो. दक्षिण अमेरिकेतून आलेली जलपर्णी अशा पाण्यात झपाट्याने पसरते आणि खालच्या वनस्पतींचा प्रकाश हिरावते. ती काढायलाच हवी, आणि काढून काठावर न कुजवता दूर न्यायला हवी. अन्यथा तिने शोषलेले पोषक द्रव्य पुन्हा पाण्यातच उतरते. पण ‘तण’ म्हणून सरसकट सगळेच उपटले, तर जलपर्णीबरोबर गाळ अडवणारा काठही जातो. सफाईलाही ओळख लागते. बाईंचा धडा येथे उपयोगी पडतो.

आता थोडे आपल्याविषयी. भोपाळच्या मराठी माणसाने गणेशोत्सव प्रेमाने जपला. माझ्या लहानपणी शाळेच्या गणपतीबरोबर निर्माल्याची टोपलीही मी याच पाण्यात सोडली आहे. तेव्हा ते पुण्यकर्म वाटले. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती सहज विरघळत नाही आणि रंगांतले जड धातू गाळात साठतात, हे पुढे शिकलो. श्रद्धा चुकीची नव्हती, अज्ञान होते. आज ते अज्ञानही उरलेले नाही, म्हणून जबाबदारी वाढली आहे.

2009 च्या उन्हाळ्यात तलाव आटला, तेव्हा शेकडो नागरिकांनी श्रमदानाने गाळ उपसला. त्या वेळी जे संकटाने करवून घेतले, ते आपण सवयीने करू या. शाळेची मूर्ती शाडूची असावी, विसर्जन अंगणातल्या हौदात व्हावे, निर्माल्याचे खत शाळेच्या बागेला मिळावे. आणि दरवर्षी सातवीच्या मुलांना एकदा तरी काठावर न्यावे. दहा वनस्पती नावानिशी ओळखता येईपर्यंत परत आणू नये.

ज्याचे नाव आपल्याला ठाऊक असते, त्याला उपटताना हात थबकतो. पुढच्या महोत्सवात व्यासपीठावर येणाऱ्या मुलालाही त्या काठावर बाईंचा प्रश्न विचारता यावा, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.