कोकण रेल्वे : मार्ग पुरा झाला, हिशेब बाकी आहे



कोकण रेल्वेचा विषय निघाला की अभियंत्यांच्या कर्तबगारीचा गौरव होतो. तो रास्तच आहे. रत्नागिरीजवळच्या पानवल नदीवरील पूल ६४ मीटर उंच आहे. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे. पण हा मार्ग डोंगराने जितका अडवला, त्याहून अधिक काळ तो सरकारी हिशेबाने अडवला होता. कोकणात पुरेशी वाहतूक नाही, म्हणून रेल्वे परवडत नाही, असे दिल्ली सांगत राहिली. रेल्वे नाही म्हणून उद्योग नाहीत, उद्योग नाहीत म्हणून तरुण मुंबईच्या गिरणीत आणि घर मनीऑर्डरीवर, ही दुसरी बाजू त्या हिशेबात नव्हती.

ती बाजू बॅ. नाथ पै यांनी आणि त्यांच्यामागून प्रा. मधु दंडवते यांनी लोकसभेत लावून धरली. अखेर १९८९ साली जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री झाले, तेव्हा कोंडी फुटली. जुलै १९९० मध्ये स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. भांडवलात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६. उरलेला पैसा मुख्यतः कर्जरोख्यांतून उभारला गेला. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग १९९८ साली पूर्णपणे खुला झाला.

मार्ग झाला, हे यशच. परंतु त्याची किंमत कोणी दिली? देशात इतरत्र रेल्वेमार्ग अंदाजपत्रकातून झाले. येथे मात्र कर्जाचा भार प्रवाशावर आला. प्रत्यक्ष शंभर किलोमीटरला एकशे चाळीस किलोमीटर धरून तिकीट आकारण्याची रीत ठेवण्यात आली. गणपतीला गावी येणारा चाकरमानी हा केवळ उतारू राहिला नाही, तो सावकाराविना कर्जदार झाला. सुमारे ४२ हजार खातेदारांच्या जमिनी गेल्या. बांधकामात ७४ जणांनी प्राण गमावले. ताळेबंदात कर्जाला रकाना असतो, या माणसांना नसतो.

२०२५ साली महाराष्ट्र सरकारने महामंडळाच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणास संमती दिली. ‘कोकण रेल्वे’ हे नाव कायम राहावे, अशी अट घातली. नाव राहावेच. पण केवळ पाटीवर समाधान मानणे कोकणाला परवडणारे नाही. विलीनीकरणाबरोबर वाढीव अंतराची आकारणी संपली पाहिजे. रोहा ते वीर हा टप्पा सोडला तर बहुतांशी एकेरी राहिलेल्या मार्गाचे दुहेरीकरण राष्ट्रीय खर्चाने झाले पाहिजे. जमीन दिलेल्या कुटुंबांना नोकरीत न्याय्य वाटा मिळाला पाहिजे.

नफा दिसेल तेथेच रूळ न्यायचे असतील, तर मागास मुलूख कायम मागासच राहणार. रेल्वे ही लोकांची सोय आहे, ती मेहेरबानी नव्हे. कार्यकर्त्यांनी ही गोष्ट गावोगावच्या स्थानकांवर, रांगेत उभ्या असलेल्या माणसाला सांगितली पाहिजे. कारण मागणी त्याची आहे, आणि किंमतही त्यानेच मोजली आहे.