गेट अडलं, तर आधी काय बघायचं?

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेलं भाषण)



आपलं मोटरचं सरकतं गेट कधीकधी बंद होता होता थांबतं आणि परत उघडतं. लगेच ओरड होते, "मोटर गेली!" अहो, मोटर गेली असती तर गेट परत उघडलं कसं असतं?

गेटच्या दोन बाजूंना समोरासमोर सेन्सर आहेत. त्यांच्यामधून न दिसणारा किरण जातो. मध्ये मूल किंवा स्कूटर आली, की किरण तुटतो आणि गेट माघारी फिरतं. सेन्सरवर कोळ्याचं जाळं किंवा धूळ बसली तरी तेच होतं. म्हणून आधी त्याची काच कोरड्या फडक्याने पुसा. मग मेन स्विच बंद करून रुळातली खडी, पालापाचोळा काढा. रिमोटच चालत नसेल तर सेल बदला. एवढ्यानेही भागलं नाही, तर मेकॅनिकला बोलवा.

मात्र 'तात्पुरतं' म्हणून सेन्सर बंद करून गेट कोणीही चालवू नका. तो आपल्या पोराबाळांसाठी आहे.

आणि मोटर मोकळी करायची किल्ली कमिटीच्या कपाटात नको, वॉचमनच्या केबिनमध्ये टांगलेली हवी. ती फिरवली की गेट हाताने ढकलता येतं. रात्री लाईट गेलेली, दारात अॅम्ब्युलन्स उभी, तेव्हा कपाटाची चावी कोण शोधणार? नव्या वॉचमनला पहिल्याच दिवशी हे करून दाखवा. आणि घरातल्या मोठ्या मुलांनाही.